अडुळशाचा काढा: पाला किती, पाणी किती, कुणी प्यायचा आणि कुणी नाही

खोकल्याचे दिवस सुरू झाले की आमच्या बेळगाव भागात घराघरात एकच वाक्य ऐकू येतं, "खोकुलालाय की पोरगं, अडुळशाचा पाला उकळून दे जरा." सांगणारं माणूस मनापासून सांगतं पण पुढचं काही सांगत नाही, पाला किती, पाणी किती, आटवायचं किती, किती दिवस प्यायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाला द्यायचाच नाही. मग कुणी मूठभर पाला टाकून कडूजहर करतं आणि दोन घोटात ओकतं, कुणी चहात एखादं पान टाकून पितं आणि म्हणतं काही फरक पडला नाही बघा. म्हणून सगळं एका जागी नीट लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, अडुळसा चांगलं औषध आहे आणि औषध आहे म्हणूनच तो मापानं, ठराविक खोकल्याला आणि थोडेच दिवस घ्यायचा. हेल्दी ड्रिंक म्हणून रोज सकाळी प्यायची ही गोष्ट नव्हे.

आपल्याकडं अडुळसा शोधायला लांब जावं लागत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जा नाहीतर निपाणी, संकेश्वर, हुक्केरीकडं, शेताच्या बांधाला, जुन्या घराच्या परड्यात, विहिरीच्या कडेला कुठंतरी झुडूप असतंच. शेळ्या-गुरं याला तोंड लावत नाहीत म्हणून लोक कुंपणाला लावतात. कन्नड शेजारी याला आडुसोगे म्हणतात, बैलहोंगल-गोकाककडच्या बाजारात विचारायचं असेल तर हेच नाव सांगा, पटकन कळतं.

पण झाड ओळखण्यात घाई करू नका. झुडूप माणसाच्या उंचीएवढं होतं, कधी त्याहून मोठं. पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात, लांबट, मधे रुंद आणि दोन्हीकडं निमुळती, चांगलं वाढलेलं पान वीतभर भरतं. पानाच्या कडेला दाते नसतात, शिरा ठळक असतात. चुरगाळलं की एक उग्र वास येतो आणि जिभेला लावलं तर कडू, तो कडूपणा बराच वेळ जात नाही. हिवाळ्यात फुलं येतात, पांढरी, वरचा ओठ खालचा ओठ असे दोन भाग, आणि खालच्या ओठावर गुलाबी-जांभळ्या रेघा. फूल बघितलं की शंका राहत नाही, म्हणून पहिल्यांदाच ओळखणार असाल तर फुलावर असताना बघून ठेवा. तरी खात्री नसेल तर एक फांदी कापून जाणत्या वैद्याला दाखवा, शहापूरला कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या ओपीडीत दाखवलं तरी चालेल. बाजारातला सुकलेला चुरा मात्र मी शक्यतो घेत नाही, कारण त्यात महारुखाची पानं मिसळलेली सापडतात ही जुनी तक्रार आहे आणि एकदा चुरा झाला की आपल्याला काय कळणार. ओल्या फांदीवर फरक लगेच दिसतो, महारुखाच्या एका लांब देठाला दोन्हीकडून पुष्कळ छोटी पानं ओळीनं असतात, अडुळशाचं प्रत्येक पान स्वतंत्र असतं.

पाला कुठला तोडायचा हा दुसरा प्रश्न. उसाच्या किंवा तंबाखूच्या शेताच्या बांधावरचा असेल तर मालकाला आधी विचारा की हल्ली फवारणी कधी केली, तणनाशक मारलं का. बांधावरच्या झुडपावर ते उडतंच, आणि नुसत्या पाण्यानं धुऊन सगळं जातं असं समजू नका. हायवेच्या कडेचा पालाही नको, धूळ आणि गाड्यांचा धूर बसलेला असतो. परड्यातलं, फवारणी नसलेलं झाड असेल तर तेच घ्या. कोवळे शेंडे तोडू नका, झाडही वाढू दे. पूर्ण वाढलेली गर्द पानं घ्यायची, आमच्याकडं जुन्या बायका पिकून पिवळी पडायला लागलेली पानं मुद्दाम वेचतात. भोकं पडलेली, पांढरे डाग असलेली, काळी पडलेली पानं टाकून द्या. मग प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी बोटानं चोळून नळाखाली धुवा, मागच्या बाजूला शिरांच्या कोपऱ्यात माती आणि कोळ्याची जाळी अडकलेली असते.

आता हा पाला करतो काय ते थोडं सांगते, म्हणजे कुठल्या खोकल्याला घ्यायचा ते आपोआप कळेल. अडुळशाच्या पानात वासिसीन नावाचा एक घटक असतो. त्याच्यावरून पुढं शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन नावाचं औषध तयार केलं, १९६० च्या दशकात ते वापरात आलं, आणि ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्याचं जे बनतं ते अँब्रोक्सॉल, तेसुद्धा पुढं वेगळं औषध झालं. घरातल्या कफ सिरपच्या बाटलीचं लेबल वाचून बघा, या दोनांपैकी एखादं नाव बऱ्याचदा सापडेल. यांचं काम एकच, छातीत चिकटून बसलेला घट्ट कफ पातळ करून बाहेर काढायला सोपा करणं. म्हणजे अडुळसा हा छाती भरलेल्या, घरघर करणाऱ्या, कफ सुटत नाही अशा खोकल्याचा पाला. घशात नुसती खवखव आहे, नाक गळतंय, शिंका येताहेत, तर त्याला अडुळसा लागतच नाही, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि आल्याचा चहा पुरतो. आणि डॉक्टरांनी ब्रोमहेक्झिन किंवा अँब्रोक्सॉलचं सिरप आधीच दिलं असेल तर वरून काढा चालू करू नका, एकाच कामाला दोन दोन कशाला, एक काय ते ठरवा आणि डॉक्टरांना सांगा.

बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, २००६ पासून. आपल्या घाटातल्या झाडपाल्यावर एवढं गंभीर काम आपल्याच गावात चालतं, तर आपणही घरात अंदाजपंचे न करता मापानं करावं असं मला मनापासून वाटतं.

तर काढा. एका मोठ्या माणसाच्या एका दिवसासाठी मोठी ४ पानं, पानं लहान असली तर ६, आणि २ कप पाणी. कप म्हणजे घरातला चहाचा साधा कप. पातेलं स्टीलचं घ्या, मातीचं असेल तर उत्तम. पानं हातानं फाडून तीन-चार तुकडे करायचे, मिक्सरला लावू नका, बारीक झालं की काढा गढूळ होतो आणि जास्तच कडू लागतो. गार पाण्यातच पानं टाकून गॅस लावायचा, उकळी आली की बारीक करायचा आणि झाकण न ठेवता उकळू द्यायचं. साधारण पंधरा ते वीस मिनिटांत २ कपाचा १ कप होतो. मापासाठी सोपी युक्ती म्हणजे सुरुवातीला १ कप पाणी ओतून चमच्याचा दांडा उभा धरून पाणी कुठपर्यंत येतं ते बघून ठेवायचं, मग दुसरा कप ओतायचा, आटत आलं की परत दांडा बुडवून बघायचं.

पाण्याचा रंग आधी फिकट पोपटी होतो, मग पिवळसर तपकिरी, आणि पानं मळकट हिरवी होऊन खाली बसायला लागतात, तेव्हा समजायचं की पाल्यातलं उतरलं. या वेळी ३-४ मिरे जाडसर ठेचून आणि बोटाच्या पेराएवढं आलं किसून टाकायचं, आलं नसेल तर पाव चमचा सुंठ. तुळशीची ५-६ पानं टाकायची तर अगदी शेवटी, गॅस बंद करून झाकण ठेवून पाच मिनिटं, कारण तुळशीचा वास उडून जाणारा आहे, आधीपासून उकळलीत तर स्वयंपाकघरात वास आणि कपात काही नाही. अडुळशाचं तसं नाही, त्याला उकळायलाच लागतं.

मग गाळायचं, गाळणीतला पाला चमच्यानं दाबून घ्यायचा, आणि गूळ टाकायचा. गूळ आपल्याकडचाच घ्या की, निपाणी-चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा ताजा गूळ मिळतो, पिवळाधमक दिसणारा न घेता जरा गडद बघून घ्यायचा. सुपारीएवढा खडा पुष्कळ झाला. कडूपणा पूर्ण घालवायच्या नादाला लागू नका, तो जात नाही, गूळ तेवढा वाढत जातो. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर. काही जण आपल्या कषायासारखं यातही दूध घालतात, मला ते पटत नाही. धने-जिऱ्याच्या कषायाला दूध छान लागतं, पण अडुळशाच्या कडूपणात दूध गेलं की चव अशी विचित्र होते की पोरं पुढच्या वेळी कपच हातात धरत नाहीत.

हा १ कप एकदम प्यायचा नाही. अर्धा सकाळी काहीतरी खाल्ल्यावर, अर्धा संध्याकाळी. संध्याकाळचा अर्धा कप फ्रीजमध्ये झाकून ठेवा, पिताना गरम करा, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, रोजचा रोज ताजा करा. रिकाम्या पोटी घेतला तर बऱ्याच जणांना मळमळतं. आणि जास्त पाला म्हणजे जास्त गुण असला हिशोब इथं चालत नाही, प्रमाण वाढलं की उलटी होते, पोट बिघडतं. ३ ते ५ दिवस घ्यायचा, तेवढ्यात कफ सुटायला लागला पाहिजे. आराम पडला की थांबायचं, उरलेला पाला संपवायचा म्हणून पीत बसायचं नाही.

कफ सुटायला लागला म्हणजे खोकला पहिल्या दिवशी जरा वाढल्यासारखाही वाटेल, कारण आत अडकलेलं बाहेर यायला लागतं. त्यात घाबरायचं नाही, दिवसभर कोमट पाणी पीत राहायचं, पाणी कमी पडलं तर कुठलाही काढा कफ पातळ करू शकत नाही. बाहेर पडणारा कफ कागदात घेऊन रंग बघा, पांढरा असेल तर ठीक, हिरवा-पिवळा घट्ट असेल आणि ताप असेल तर डॉक्टर. रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, पुढं त्याबद्दल लिहितेच.

दुसरी पद्धत रसाची. अडुळशाचं पान कच्चं वाटलं तर रस जवळजवळ निघतच नाही, नुसता चोथा हातात येतो. म्हणून आयुर्वेदात याला पुटपाक सांगितलाय, पाला गुंडाळून वर मातीचा लेप देऊन विस्तवात भाजायचा आणि मग पिळायचा. आता चूल कुणाकडं आहे. माझ्या मते घरात सगळ्यात सोपं म्हणजे इडलीचं भांडं. ८-१० पानं धुऊन, पाणी पुसून, इडलीच्या ताटात पसरून दहा मिनिटं वाफवायची. झाकण उघडल्यावर पानं बघा, मघाशी ताठ असलेली पानं कापडासारखी लोळागोळा झालेली असतात, रंग काळपट हिरवा, आणि देठ दाबला तरी पाणी सुटतं. गरम असतानाच खलबत्त्यात ठेचायची, स्वच्छ सुती फडक्यात घालून जोर लावून पिळायची. घट्ट गर्द हिरवा रस निघतो, एवढ्या पानांचा दोन-तीन चमचेच. मोठ्या माणसानं यातला १ लहान चमचा तेवढ्याच मधात कालवून चाटायचा, दिवसातून दोनदा. फडकं मात्र जुनं घ्या, डाग जात नाही. काढा आणि रस दोन्ही एकाच दिवशी घेऊ नका, कुठलंतरी एक.

सुकवून ठेवायचा असेल तर पावसाच्या आधी किंवा दिवाळीनंतर करा. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-आमगावकडं जूनपासून जो पाऊस लागतो त्यात कपडे वाळत नाहीत तिथं पाला कुठला वाळणार, बुरशीच धरते. सावलीत, वारं लागेल अशा खोलीत कागदावर एकेक पान सुटं पसरायचं, रोज पलटायचं, हातात घेतल्यावर कुरकुरीत मोडलं की झालं. काचेच्या बरणीत भरा, बाहेर तारखेची चिठ्ठी लावा, वर्षभरात वापरा. सुक्या पाल्याचा हातानं चुरलेला एक भरलेला लहान चमचा म्हणजे एका दिवसाचं माप, बाकी पाणी आणि उकळणं वर सांगितलं तसंच. बुरशीचा जरासा जरी वास आला तर सगळी बरणी फेकायची.

आता कुणी प्यायचा नाही, हे कृपया नीट वाचा आणि घरातल्यांनाही सांगा.

पोटुशी बाईला अडुळसा अजिबात द्यायचा नाही, कुठल्याही महिन्यात नाही. मघाशी सांगितलेलं वासिसीन गर्भाशय आकुंचन पावायला लावतं. घरातली मोठी माणसं प्रेमापोटी म्हणतात की झाडपालाच आहे, काय होतंय, पण इथं ऐकायचं नाही. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी नाही. अंगावर पाजणाऱ्या आयांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ५ वर्षांखालच्या मुलांना मी तरी घरच्या घरी देऊ नका असंच सांगेन, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नये, त्यातून बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. शुगर असलेल्यांनी गूळ-मध टाळायचा हे तर झालंच, पण शुगरच्या गोळ्या चालू असतील तर काढा सुरू करायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. लिव्हर, किडनीचा त्रास असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, तर तेच.

बरेच जण काढ्यात जेष्ठमधही टाकतात, गोडी येते आणि घशाला बरं वाटतं. पण बीपी असलेल्यांनी जेष्ठमध टाळा, तो रोज पोटात गेला की बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. बीपीवरून आठवलं, बीपीच्या काही गोळ्यांनीच कोरडा खोकला लागतो, एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीतल्या. गोळी चालू झाल्यापासून खोकला मागं लागला असेल तर कितीही पाला उकळा, उपयोग नाही. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. तसंच रात्री आडवं झालं की खोकला आणि घशाशी आंबट येत असेल तर ते पित्ताचं, त्याला अडुळसा लागू पडत नाही.

आणि निपाणी भागात तर हे सांगायलाच पाहिजे. तिथं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आहेत, तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते आणि खोकला हा कामाचाच भाग असं धरून त्या वर्षानुवर्षं काढतात. उसाचा हंगाम संपत आला की पाचट जाळल्याचा धूर वेगळाच. अशा खोकल्यावर काढ्यानं चार दिवस हलकं वाटेल, पण धूळ चालू आहे तोवर खोकला परत येणार. तोंडाला ओलसर फडकं किंवा चांगला मास्क, काम करायच्या जागी खिडक्या उघड्या, आणि वर्षातून एकदा तरी छाती तपासून घेणं हे काढ्याच्या आधीचं आहे. घरातल्या मुलींनी आपल्या आईला, आत्तीला, मावशीला हाताला धरून न्यावं, त्या आपणहून जात नाहीत.

खोकला २ आठवडे झाले तरी हटत नसेल तर काढा बंद आणि सरळ सरकारी दवाखाना. थुंकीची टीबीची तपासणी तिथं फुकट होते, टीबी निघाला तर गोळ्याही फुकट मिळतात आणि पूर्ण कोर्स केला तर बहुतेक जण बरे होतात. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, भूक मरणं, यातलं काही असेल तर २ आठवडेसुद्धा थांबू नका. जुन्या ग्रंथात अडुळसा रक्त पडण्यावर सांगितलाय हे खरं आहे, आणि तेच वाचून कुणी कुणी कफातून रक्त आलं तरी घरीच रस चाटत बसतात. तेव्हा वैद्याकडं एक्स-रे नव्हता. आज आहे, तो काढून घ्या. दम लागून वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल श्वास घेताना बरगड्या आत ओढत असेल तर गाडी काढायची, गॅस पेटवायचा नाही. दम्याच्या माणसानं काढ्याच्या भरवशावर पंप बंद करू नये हेही सांगून ठेवते.

ज्यांना अडुळसा चालत नाही त्यांनी तळमळू नये, धने-जिऱ्याचं साधं कषाय आहे. २ चमचे धने, १ चमचा जिरे, दोन-तीन मिरे कोरडे भाजून जाडसर कुटायचे, यातला १ चमचा दीड कप पाण्यात उकळून १ कप करायचा, गूळ घालून गरम गरम. कफ पातळ करायचं काम हे अडुळशासारखं करणार नाही पण घसा शेकतो, पाणी पोटात जातं आणि पावसात भिजून आलेल्या माणसाला बरं वाटतं. पोटुशी बाईनं मात्र हेही स्वयंपाकात असतं तेवढ्याच मापात, दिवसात एखादा कप, आणि खोकला जास्त असेल तर तिनं डॉक्टरलाच दाखवायचं.

परड्यात जागा असेल तर झाड लावूनच टाका, म्हणजे फवारणीची भीती नाही आणि ओळखायचा घोळ नाही. मृगाचा पाऊस पडला की जून झाडाची अंगठ्याएवढी जाड, वीत-दीड वीत लांबीची फांदी तिरकी कापायची, खालची पानं काढायची, निम्मी जमिनीत पुरायची आणि माती पायानं घट्ट दाबायची. एक मरेल म्हणून शेजारी दुसरी लावा. पाणी साचणारी जागा सोडून कुठंही येतं, बाल्कनीत बादलीएवढ्या कुंडीतसुद्धा. पहिलं वर्ष पानं तोडू नका, नंतर दरवर्षी फुलं येऊन गेली की वरून छाटा, नाहीतर नुसता उंच वाढतो आणि खाली फांद्या बोडक्या राहतात. छाटलेला पाला टाकू नका, वाफ्यात पसरा नाहीतर खतात घाला, आपल्याकडं जुने शेतकरी भाताच्या चिखलात हाच पाला तुडवायचे.